एकाच चौकटीत सगळे दस्त: एमडीआय ठेवायचं की मोडायचं?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय. अर्धवट लिहिलं की पहिले पाच प्रतिसाद "आधी नीट सांगा" असेच येतात.

फोंड्यात माझ्या मावशीचं वकिली ऑफिस आहे. काम बहुतेक जमिनीचं: विक्रीखतं, मुखत्यारपत्रं, टायटल तपासणी. तिथे कुणीतरी पूर्वी व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) मध्ये लिहून दिलेलं सॉफ्टवेअर आहे आणि ते आज विंडोज ११ वरही बिनतक्रार चालतं. एक मोठी खिडकी, मागे राखाडी मैदान, आणि त्यात प्रत्येक दस्त आपापल्या छोट्या खिडकीत. या रचनेलाच एमडीआय (मल्टिपल डॉक्युमेंट इंटरफेस) म्हणतात. काम करताना चार तरी उघडे असतातच: फॉर्म १ व १४ चा उतारा (गोव्याचा सातबारा म्हणा), सर्व्हेचा नकाशा, जुन्या पोर्तुगीज दस्ताचं स्कॅन, आणि टायपिंग चाललेला मसुदा.

हे चारही एकदम का लागतात ते बाहेरच्यांसाठी सांगतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. त्यामुळे विकणारे चार विवाहित भाऊ असले की मसुद्यात आठ नावं. त्यात जुन्या दस्तात 'नाईक'च्या शेवटी 'के' नसून 'क्यूयूई' असतं. उताऱ्यावर तिसरंच काहीतरी. प्रत्येक नाव दोन-तीन कागदांवर बोट ठेवून जुळवायचं, हेच मुख्य काम.

आता हे सगळं सी-शार्पमध्ये, विंडोज फॉर्म्सवर नव्याने लिहायचं माझ्यावर आलंय. ऑफिसात तीन पक्ष पडलेत. कारकून काका कीबोर्डवरून हात उचलत नाहीत. कंट्रोल-एफ६ ने या दस्तावरून त्या दस्तावर उड्या मारतात. ज्युनिअर वकिलीणबाईंनी दुसरा मॉनिटर आणलाय आणि नकाशा तिकडे ओढून न्यायचाय, पण तो चौकटीच्या कडेला गेला की कापला जातो. मावशीचं म्हणणं, चालतंय ते बिघडवू नका.

तर प्रश्न असा: एमडीआय तसंच ठेवू, टॅब करू, की प्रत्येक दस्ताला स्वतंत्र खिडकी देऊ?

रापणकार

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

दोन_मॉनिटर

मोडा. विचारायचंच काय त्यात?

एमडीआय १९९० च्या विंडोज ३.० चं फॅड. प्रोग्राम मॅनेजर, फाईल मॅनेजर सगळे त्यातच होते. खुद्द मायक्रोसॉफ्टने वर्डमधून ते ऑफिस २००० ला काढलं, एक्सेलमधून २०१३ ला. ज्यांनी पोसलं त्यांनीच सोडलं, तर आपण का कवटाळून बसायचं?

नुकसानही मोजा. ऑल्ट-टॅबमध्ये फक्त चौकट दिसते, आतले दस्त नाहीत. टास्कबारवर एकच बटण. विंडोज ७ पासून खिडकी कडेला नेली की आपोआप अर्धा स्क्रीन भरते, ती सोय आतल्या खिडक्यांना नाही. आतल्या खिडकीचं शीर्षक अजून जुन्या थाटात रंगवलं जातं, त्यामुळे नव्या विंडोजवर ते भाड्याच्या कपड्यांत आल्यासारखं दिसतं. आणि मॉनिटर कितीही जोडा, दस्त चौकटीबाहेर पाऊल टाकत नाही. ज्युनिअर बाईंचं बरोबर आहे.

पणजी६०

दोन_मॉनिटर, इतकी घाई नको रे बाबा. इतिहास अर्धा सांगितलास.

एमडीआय विंडोज ३.० च्या आधीपासून आहे. १९८७ ला विंडोजसाठी एक्सेल आलं तेव्हाच त्यात चौकटीच्या आत अनेक तक्ते उघडत. तेव्हाच्या स्क्रीनवर दोन-तीन स्वतंत्र प्रोग्राम मांडून बसायची ऐपत कुणाची? एकच मेनू, एकच टूलबार, आणि उरलेली जागा कागदांना, असा हिशेब होता.

आतली रचना समजली की त्याचे गुण-दोष आपोआप उलगडतात. बाहेरची ती फ्रेम. तिच्या पोटात एक क्लायंट खिडकी, ते राखाडी मैदान म्हणजे तीच. दस्ताच्या खिडक्या फ्रेमच्या नव्हे, तर त्या क्लायंटच्या पोटच्या. विंडोजमध्ये पोटची खिडकी आईच्या कडेपर्यंतच रंगवली जाते, म्हणून नकाशा कापला जातो. आणि कंट्रोल-एफ६ ने पुढची, कंट्रोल-एफ४ ने आतली बंद, ऑल्ट-वजाबाकीने आतल्या खिडकीचा मेनू, हे सगळं विंडोज स्वतः सांभाळतं. प्रोग्रामरला त्यासाठी एक ओळ लिहावी लागत नाही. अंत्रुजकर, तुमच्या कारकून काकांच्या बोटांत हेच बसलंय. ते टॅबमध्येही देता येईल, पण आठवणीने द्यावं लागेल.

राहता राहिली ती खरी खोड. आतली एक खिडकी मोठी केली की तिचं शीर्षक फ्रेमच्या शीर्षकात कंसात जाऊन बसतं, तिची बटणं मेनूच्या ओळीत चढतात, आणि मग दुसऱ्या दस्तावर गेलात तर तोही मोठाच उघडतो. नीट लावलेली मांडणी एका डबल-क्लिकने नाहीशी. वरच्या दोन फुल्या बघून नवशिका नेमकी चुकीची दाबतो आणि सगळंच बंद करून बसतो. विंडोज ३ पासून आजतागायत मला भेटलेली एमडीआयची नव्वद टक्के रडगाणी या एकाच गोष्टीतून निघतात. उपाय साधा: आतल्या खिडक्यांचं मोठं करायचं बटणच बंद ठेवा आणि "उभे शेजारी लावा", "आडवे लावा" ही दोन बटणं टूलबारवर ठळक द्या. फक्त शीर्षकावरचा डबल-क्लिकही मग चालत नाही ना, हे तपासून घ्या.

सांखळीची_सून

मी प्रोग्रामर नाही, हिशेबाचं काम करते, तरी बोलते.

एक्सेल २०१० पर्यंत सगळे तक्ते एकाच चौकटीत असत. टास्कबारवर बटणं वेगळी दिसायची, पण कुठलंही दाबलं तरी उघडायची तीच एक चौकट. २०१३ पासून प्रत्येक तक्त्याला स्वतंत्र खिडकी. सगळे म्हणाले सुधारणा झाली. दोन मॉनिटर असणाऱ्यांची झालीच. माझ्याकडे एक लॅपटॉप. मला मागच्या वर्षीचा ताळेबंद वर आणि यंदाचा खाली लावायचा असतो. आता प्रत्येक खिडकीला स्वतःची ती रुंद रिबन, स्वतःची फॉर्म्युल्याची पट्टी. दोन एकाखाली एक लावल्या तर आकडे दिसायला मूठभर ओळी उरतात! रिबन घडी करून ठेवते, मग प्रत्येक वेळी उलगडा.

जुन्या चौकटीत रिबन एकदाच होती. ही गोष्ट कुणी बोलत नाही.

खाजन

सूनबाईंना सहमत. आणि म्हणूनच मॅकवर हा वाद कधी पेटला नाही. तिथे मेनू स्क्रीनच्या माथ्यावर, सगळ्या खिडक्यांना मिळून एकच. खिडक्या सुट्या फिरल्या तरी मेनूची जागा पुन्हा पुन्हा खर्च होत नाही. विंडोजने मेनू खिडकीला चिकटवला, म्हणून मेनू वाटून घ्यायला चौकट लागली.

अवांतर: गिंप या चित्र-संपादन प्रोग्रामवाल्यांची उलटी गंमत. ते आधीपासून सुट्या खिडक्यांवर अडून बसले होते, लोक कंटाळले, शेवटी २०१२ ला २.८ मध्ये एक-खिडकी मोड दिला.

नकाशा_पेडणे

माझा दिवस ऑटोकॅडमध्ये (नकाशे-आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) जातो, त्यामुळे सर्व्हे नकाशाची बाजू मांडतो.

रिलीज १४ पर्यंत एका वेळी एकच ड्रॉइंग. दुसरं हवं तर प्रोग्राम पुन्हा उघडा. ऑटोकॅड २००० ने चौकटीत अनेक ड्रॉइंग उघडू दिली आणि एकातून उचलून दुसऱ्यात टाकणं सोपं झालं. २०१४ ला वर फाईलचे टॅब आले. २०२२ ला ड्रॉइंग टॅबमधून ओढून चौकटीबाहेर, दुसऱ्या मॉनिटरवर नेता यायला लागलं. यातलं काहीही आधीचं मोडून आलेलं नाही. चौकट आहेच, टॅब आहेत, आणि ज्याला हवं त्याने बाहेर काढावं.

अंत्रुजकर, नकाशा हा दस्तांपेक्षा वेगळा प्राणी आहे. दस्त आपण वाचतो, एका नजरेत आठ-दहा ओळी. नकाशात शेजारचे सर्व्हे नंबर, वाट, ओहोळ, बांध असं सगळं एकदम बघायचं असतं. त्याला अर्धा स्क्रीन देऊन भागत नाही. बाकी कुणाला नाही तरी नकाशाला बाहेर जायची मुभा द्याच.

दोन_मॉनिटर

म्हणजे मी म्हणतोय तेच. बाहेर सोडा.

पणजी६०

एकाला बाहेर सोडणं आणि सगळ्यांना रस्त्यावर आणणं यात फरक आहे.

जागेचं गणित करून टाकू या, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. दस्त लीगल कागदावर, रुंदी साडेआठ इंच. विंडोज १०० टक्क्यांवर इंचाला ९६ पिक्सेल धरतो, म्हणजे पान ८१६ पिक्सेल रुंद. १९२० चा मॉनिटर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ९६०. दोन पानं शेजारी-शेजारी, स्क्रोलबारसकट, आरामात. १३६६ च्या लॅपटॉपवर वाट्याला ६८३, म्हणजे पान ८० टक्क्यांच्या आसपास आणावं लागेल. वाचता येतं, पण जुनं टंकलिखित स्कॅन असेल तर डोळे ताणून. आणि १९२० च्याच मॉनिटरवर कुणी विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के ठेवलं असेल, जे वय झालेले लोक हमखास ठेवतात, तर पान १०२० चं होतं आणि शेजारी दोन मावत नाहीत. मावशींच्या मशीनवर आधी हे बघा. "पूर्वी दोन मावायचे, आता मावत नाहीत" ही तक्रार आली तर ती तुमच्या कोडची नसेल.

विंडोजच्या आपोआप मांडणीवरही फार विसंबू नका. चार दस्त लावायला सांगितले की तो दोन-दोनची चौकोनी जाळी करतो आणि चारही पानं निरुपयोगी होतात. दोन मोठे, बाकीचे मागे, ही मांडणी स्वतः लिहा. चौकटीच्या आतली मोकळी जागा मोजून दोन खिडक्यांना माप द्यायचं, फार तर पंधरा ओळींचं काम.

म्हादईकाठ

उशिरा आलो. सगळे प्रतिसाद वाचले, आणि मला वाटतं सगळे दस्ताबद्दल भांडताहेत, प्रकरणाबद्दल कुणीच बोलत नाही.

वकिलाच्या ऑफिसात कागद सुटे फिरत नाहीत. एका अशिलाचे सगळे कागद एका फाईलमध्ये, दोरी बांधून. टेबलावर दोन फाईली उघड्या असल्या तरी त्यांचे कागद एकमेकांत जाऊ नयेत म्हणून कारकून जिवाचं रान करतो. आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काय होतं? सगळ्या अशिलांचे दस्त एकाच राखाडी मैदानात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारासारखे. कंट्रोल-एफ६ मारत गेलात की चौथ्या उडीला दुसऱ्याच माणसाच्या मसुद्यात. आपल्याकडे एका वाड्यावर एकाच नावा-आडनावाची तीन माणसं असतात. एकाचा परिच्छेद दुसऱ्याच्या विक्रीखतात चिकटवला तर तो कुणाच्या लक्षात कधी येणार? सब-रजिस्ट्रारच्या टेबलावर.

तेव्हा चौकट ठेवा, पण प्रोग्रामला एक नव्हे, प्रकरणाला एक. शीर्षकात अशिलाचं नाव, गाव, सर्व्हे नंबर. त्या चौकटीत फक्त त्याच प्रकरणाचे कागद. मग कंट्रोल-एफ६ कितीही मारा, फाईलच्या बाहेर जाणार नाही. ऑल्ट-टॅब केलं की प्रकरण बदलतं. दोन_मॉनिटरची टास्कबारची तक्रारही मिटली, प्रत्येक प्रकरणाचं आपलं बटण. ज्युनिअर बाईंना दोन प्रकरणं दोन मॉनिटरवर ठेवायची तर तीही ठेवता येतात.

व्हीबी ६ मध्ये हे शक्यच नव्हतं, तिथे एका प्रोजेक्टमध्ये एमडीआय फॉर्म एकच चाले. जुन्या प्रोग्रामरने सगळं एकात कोंबलं ते त्याच्या आवडीने नव्हे. डॉटनेटमध्ये, म्हणजे तुमच्या सी-शार्प आणि विंडोज फॉर्म्समध्ये, ही अट नाही. कुठल्याही फॉर्मवर एमडीआय कंटेनरची खूण चालू करा, हवे तितके बनवा. एक काळजी घ्या: सवयीप्रमाणे पहिला फॉर्म मुख्य म्हणून देऊन प्रोग्राम सुरू केलात, तर ते पहिलं प्रकरण बंद करताच सगळी प्रकरणं धाडकन जातील. त्याऐवजी ॲप्लिकेशन कॉन्टेक्स्ट वापरा आणि शेवटची चौकट बंद झाली तरच बाहेर पडा.

दोन_मॉनिटर

हे मात्र पटलं. "सगळं सुटं" म्हणताना माझ्याही डोळ्यांसमोर एकाच कामाचे कागद होते, दोन कामांची सरमिसळ धरलीच नव्हती. पण नकाशा अजून आतच आहे, लक्षात असू द्या.

म्हादईकाठ

नकाशासाठी बाहेरची तयार लायब्ररी नको. आतल्या फॉर्मचा एमडीआय पालक रिकामा केला की तो सुटी खिडकी होतो. परत तीच चौकट पालक म्हणून दिली की आत येतो. "बाहेर काढा" आणि "आत घ्या" अशी दोनच बटणं.

फक्त दोन गोष्टी. आत-बाहेर करताना खिडकीचं हँडल (विंडोज तिला ज्या क्रमांकाने ओळखतं तो) नव्याने तयार होऊ शकतं, म्हणून नकाशा कुठे सरकवला होता, किती मोठा केला होता ते आधी व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि नंतर परत लावा. आणि बाहेर काढलेला नकाशा कंट्रोल-एफ६ च्या रांगेत राहत नाही, शिवाय चौकट बंद केली तरी तो एकटाच मागे उरतो. त्याचा मालक म्हणून ती चौकट नेमून द्या, म्हणजे तिच्याबरोबर मिनिमाइझ होईल आणि तिच्याबरोबरच जाईल.

टॅब हवेच असतील तर डॉक पॅनेल स्वीट नावाची मुक्त लायब्ररी आहे, व्हिज्युअल स्टुडिओसारखं डॉकिंग, म्हणजे खिडक्या कडेला चिकटवायची सोय, मिळतं. पण वकिली ऑफिसात डॉकिंग देऊ नये असं माझं मत. माणूस खिडकी सरकवायला जातो आणि ती भलत्याच कडेला जाऊन चिकटते. मग फोन येतो.

रापणकार

वाचनखूण साठवली. म्हादईकाठांना एक फेणी माझ्याकडून. काजूची.

अंत्रुजकर

सगळ्यांचे आभार. कल्पना मावशीला दाखवली. तिने एकच विचारलं, "काकांचं कंट्रोल-एफ६ राहतंय ना?" राहतंय म्हटल्यावर मान डोलावली. काकांना शीर्षकात गावाचं नाव येणार हे सगळ्यात आवडलं.

आता दोन उपप्रश्न. पहिला, चौकट बंद करताना सहा दस्त उघडे असतील तर "जतन करू का?" सहा वेळा विचारलं जातं. दुसरा मोठा: जून लागला की आमच्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टरवर काकांचंच मशीन आहे, बाकीची धाडकन बंद. लाईट आल्यावर प्रत्येक दस्त जिथे होता तिथे उघडायला हवा. सगळ्या मांडण्या प्रोग्राम बंद होताना जतन करायचा विचार होता.

पणजी६०

पहिल्याचं सोपं. चौकट बंद होऊ लागली की आधी आतल्या प्रत्येक फॉर्मला बंद होण्याची सूचना जाते, मग चौकटीला. त्या सूचनेत कारणही येतं: एमडीआय फॉर्म बंद होतोय की माणसाने फक्त हा दस्त बंद केला. कारण चौकटीचं असेल तर आतल्यांनी गप्प बसायचं, आणि चौकटीने एकच यादी दाखवायची, न जतन केलेल्या दस्तांची, प्रत्येकासमोर खूण करायचा चौकोन. एकाने जरी आतून रद्द केलं तरी पूर्ण चौकटीचं बंद होणं थांबतं, हे ध्यानात ठेवून लिहा.

म्हादईकाठ

दुसऱ्याबद्दल: लाईट जाते तेव्हा प्रोग्राम बंद होत नाही, मरतो. बंद होतानाची कुठलीच सूचना येत नाही. त्यामुळे तिथे लिहिलेलं जतनाचं कोड नेमकं गरजेच्या वेळी चालणार नाही.

खिडकी हलवली, माप बदललं, नवा दस्त उघडला की एक टायमर चालू करा, दोन-तीन सेकंदांचा. पुन्हा हालचाल झाली तर टायमर पहिल्यापासून. शांतता झाली की मांडणी लिहा. थेट मूळ फाईलवर लिहू नका. लिहिता लिहिताच लाईट गेली तर अर्धी फाईल उरते आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम उघडतच नाही. शेजारी तात्पुरती फाईल पूर्ण लिहा, डिस्कवर उतरवा, मग नाव बदलून जुन्याच्या जागी ठेवा. मसुद्याच्या मजकुराचंही हेच, फक्त तो मूळ दस्तावर नव्हे, वेगळ्या प्रतीत.

चौकट मोठी केलेली असेल तर तिचं चालू माप लिहू नका, मोठी करण्यापूर्वीचं माप वेगळं मिळतं, ते लिहा आणि "मोठी होती" एवढी खूण ठेवा.

नकाशा_पेडणे

त्यात एक भर. ज्युनिअर बाई लॅपटॉप कोर्टात नेत असतील ना? ऑफिसात नकाशा दुसऱ्या मॉनिटरवर ठेवला, तेच स्थान जतन झालं. कोर्टात दुसरा मॉनिटर नाही. प्रोग्राम नकाशा इमानेइतबारे तिकडेच उघडणार, अदृश्य जागी, आणि बाई म्हणणार नकाशा उघडतच नाही.

म्हादईकाठ

बरोबर. उघडण्यापूर्वी जतन केलेला चौकोन आत्ता जोडलेल्या प्रत्येक स्क्रीनच्या वापरण्याजोग्या भागाशी छेदून बघा. निदान शीर्षकाची पट्टी माउसने धरण्याइतकी दिसत नसेल तर नकाशा आत, चौकटीतच उघडा. पण जतन केलेलं जुनं स्थान पुसू नका, बाई ऑफिसात परतल्या की तेच लागेल. मांडणी मशीनवर न ठेवता सर्व्हरवर ठेवणार असाल, तर काकांची आणि बाईंची वेगळी ठेवा.

अंत्रुजकर

मशीनवरच ठेवतो, माणसागणिक वेगळी. चतुर्थीच्या सुट्टीआधी एक प्रकरण या पद्धतीने चालवून बघतो आणि इथेच कळवतो. नकाशाची बटणं कुठे द्यायची, नकाशाच्या खिडकीवर की चौकटीच्या टूलबारवर?

नकाशा_पेडणे

खिडकीवरच. बाहेर गेल्यावर टूलबार दुसऱ्या मॉनिटरवर राहतो, तिथून "आत घ्या" कोण शोधणार?